न घासलेली जीभ

दोहाच्या आमच्या मराठी मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीतले वाळलेले कपडे काढत होतो. धुळीचा वारा सुटला होता आणि समोरची इमारत दिसेनाशी झाली होती.

"काका, विशेषांकात जुने गाजलेले लेख परत छापतोय. तुमचा तो चिनी जिभेचा लेख सगळ्यांना हवाय. तुम्ही फक्त हो म्हणा."

"विचार करून सांगतो."

"यात कसला विचार, काका? लोक अजून आठवून हसतात."

लोक हसतात हे मला ठाऊक आहे. सात वर्षांपूर्वी गणपतीच्या कार्यक्रमात मी तो लेख स्वतः वाचून दाखवला, तेव्हा हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत हशा पोचला होता. दोहातल्या एका चिनी डॉक्टरीणबाईंची मी त्यात टर उडवली होती. लेखातली हकिकत अशी, की बाईंनी माझ्या बायकोची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि काहीच कळेना तेव्हा 'तुम्ही जीभ घासून आलात, आता मी काय सांगणार' अशी पळवाट काढून आम्हाला घरी पाठवलं.

तसं घडलं नव्हतं. तो लेख खोटा आहे आणि खोटा मी केला आहे. आज माझ्या बायकोच्या तळव्यांना जमीन नीट कळत नाही. चप्पल पायातून निसटली तरी तिला दोन-चार पावलं पत्ता नसतो. याचा त्या खोट्याशी संबंध आहे. तेच खोटं पुन्हा छापलं जाऊ नये म्हणून मी त्र्याहत्तराव्या वर्षी हे लिहायला बसलो आहे.

फोन ठेवला तेव्हा आतून बायकोनं विचारलं, "कोणाचा हो?"

"मंडळाचा."

"काय म्हणतात?"

"काही नाही," मी म्हणालो.

*

मी आयुष्यभर संशय घेण्याची नोकरी केली. कतारच्या गॅस प्लांटमध्ये मी इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. दाब मोजणारी, तापमान मोजणारी हजारो यंत्रं, आणि ती खरं बोलतात की नाही हे पाहणारे आम्ही. माझ्या पहिल्या साहेबानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, काटा काय दाखवतो ते मला सांगू नकोस, काटा का दाखवतो ते सांग. ते वाक्य मी घरीही आणलं. दूधवाला, शाळेचे मास्तर, मुलाचे मित्र, सगळ्यांवर मी ते वापरलं.

यंत्र तपासायची आमची एक पद्धत होती. त्याला मुद्दाम खोटा सिग्नल द्यायचा. पाइपात दाब नसताना दाब आहे असं भासवायचं आणि यंत्र फसतं का, किती फसतं, ते बघायचं. पण त्याआधी कंट्रोल रूमला कळवायचं, यंत्रावर लाल पट्टी बांधायची, आणि काम झालं की खोटा सिग्नल काढून टाकल्याची नोंद करून दोघांनी सह्या करायच्या. ही शेवटची सही राहिली तर पुढे काहीही होऊ शकतं, कारण यंत्र खोट्यावर चालत राहतं आणि कोणालाच ते माहीत नसतं. मी त्या सहीबद्दल इतका कडक होतो की हाताखालची मुलं मला पाठीमागे 'सहीवाला' म्हणत.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. आमच्या तालुक्याच्या गावी एक नाडीवैद्य होते. रोग्यानं तोंड उघडायचं नाही, वैद्यबुवा मनगट धरून सगळं सांगणार, अशी त्यांची ख्याती. आईचं पोट दुखायचं म्हणून मी कॉलेजात असताना तिला घेऊन गेलो. पडवीत वैद्यबुवांच्या घरच्या एक बाई पाणी देत. कुठून आलात, प्रवासात त्रास झाला का, जेवण जातं का, असं मायेनं विचारत, आणि रिकामा तांब्या घेऊन आत जात. थोड्या वेळानं वैद्यबुवा आईची नाडी धरून म्हणाले, "अन्न पचत नाही. उजवीकडे कळ येते." आई थक्क झाली. मी तांब्याकडे पाहत होतो. तेव्हापासून कुणी मनगट धरलं की मी आधी पाणी कोणी दिलं ते बघतो.

*

सात वर्षांपूर्वी मी निवृत्त होऊन मुलाकडे, दोहातच, राहायला आलो होतो. त्या हिवाळ्यात बायको दमायला लागली. जिना चढून आली की सोफ्यावर बसून राहायची. तळव्यांना मुंग्या येतात म्हणायची. तिनं स्वतःपुरती आमटी तिखटाशिवाय काढून ठेवायला सुरुवात केली, कारण जिभेची आग व्हायची. हेल्थ सेंटरमध्ये रक्तदाब आणि साखर तपासली, दोन्ही ठीक निघाली. त्रास राहिला तर परत या, असं त्यांनी सांगितलं होतं. त्रास राहिला, आम्ही परत गेलो नाही. वय झालं, असं मी म्हणालो, आणि तिनं ते मानलं. ती माझं बरंच काही मानत आली होती.

सुनेनं मात्र मानलं नाही. ती दोहाच्या मुशैरिब भागात एका फायनान्स कंपनीत कामाला. कॉम्प्युटरपुढे बसून तिचा खांदा धरला होता आणि कुठल्याशा चिनी डॉक्टरीणबाईंच्या सुयांनी तो मोकळा झाला होता.

"आई, एकदा माझ्या डॉक्टरांना दाखवू या ना. त्या नुसतं बघून बरंच ओळखतात."

नुसतं बघून ओळखतात म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली.

"तू त्यांना आईबद्दल काही बोलली आहेस?" मी विचारलं.

"नाही हो बाबा. फक्त अपॉइंटमेंट घेतलीय."

"वय सांगितलंस?"

"बाबा, वय सांगितल्याशिवाय अपॉइंटमेंट कशी मिळेल?"

"म्हणजे सांगितलंस."

सून मुलाकडे बघून हसली. मुलगा मोबाइलमध्ये होता. मी ठरवलं, आपण स्वतः जायचं आणि बोलायचंही आपणच. बायकोला त्याचं बरं वाटलं. तिचं शिक्षण मराठीत झालेलं. दुकानात, शेजारपाजारी तिचं हिंदीवर छान भागायचं, पण डॉक्टरांसमोर इंग्रजी बोलायचं म्हटलं की ती माझ्याकडे बघायची.

"बरं झालं तुम्ही येताय ते," ती म्हणाली. "चिनी माणसाचं इंग्रजी मला कुठलं कळायला."

*

क्लिनिक एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर होतं. काउंटरवर एक फिलिपिनो मुलगी होती. तिनं हसून फॉर्म पुढे केला आणि पाण्याचे दोन ग्लास ठेवले. मी पाण्याकडे पाहिलं आणि मला तांब्या आठवला. फॉर्मवर मी फक्त नाव लिहिलं.

"सर, त्रास काय आहे तो कॉलम राहिला."

"तो डॉक्टर सांगतील."

"पण सर, लिहिलं तर डॉक्टरांना सोपं जातं."

"म्हणूनच नाही लिहिलं."

बायको माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, पाणी तरी प्या, बिचारीनं दिलंय." मी प्यायलो नाही.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. केस आखूड, पिकलेले, पायात साधे कॅनव्हासचे बूट. भिंतीवर जिभांचं एक मोठं चित्र होतं. लाल, फिकट, जांभळट, भेगा पडलेल्या, पांढरा थर असलेल्या, पिवळा थर असलेल्या, अशा कितीतरी. आम्ही आत शिरलो तेव्हा त्या उठून दाराशी आल्या नाहीत. खुर्चीतूनच बायको चालत येताना पाहत राहिल्या. मला तो उद्धटपणा वाटला.

"मॅडम पायांकडे बघून चालतात," त्या मला म्हणाल्या. "नेहमीच?"

"चप्पल नवी आहे," मी म्हणालो.

चप्पल नवी होती हे खरं. पण ती पायांकडे बघून चालायला लागून महिना झाला होता, हे मी पाहिलेलं होतं.

बाईंनी काम सुरू करण्याआधी मला समजावून सांगितलं, कदाचित माझा चेहरा पाहून. त्यांच्याकडे तपासायचे चार मार्ग. बघणं, ऐकणं, विचारणं आणि हात लावणं. ऐकणं आणि वास घेणं याला त्यांच्या भाषेत एकच शब्द आहे, म्हणून चार. "एकट्या नाडीवर बोलायचं नाही, एकट्या जिभेवरही नाही. चारही जुळले तर बोलायचं. नाही जुळले तर परत विचारायचं."

खरं तर इथेच मी थांबायला हवं होतं. आमच्या प्लांटमध्येही महत्त्वाच्या ठिकाणी एकाच यंत्राच्या सांगण्यावर काही बंद करत नाहीत. तीन यंत्रं बसवतात, त्यांतल्या दोन्हींचं जुळलं तर मानतात. म्हणजे समोरची बाई माझ्याच जातकुळीची निघाली होती. पण मला उलटंच वाटलं. मला वाटलं, ही फार हुशार आहे, चार वाटा मोकळ्या ठेवते म्हणजे एकीवरून तरी निसटता येईल.

मग प्रश्न सुरू झाले. थंडी वाजते की गरम होतं, घाम कधी येतो, तहान लागते का, झोप, भूक, पोट. बाई इंग्रजीत विचारायच्या, मी मराठीत सांगायचो, बायको उत्तर द्यायची आणि मी ते इंग्रजीत परत द्यायचो.

बायको सांगत होती, "भूक म्हणजे, जेवावंसं वाटतं हो, पण तोंडात घातलं की झोंबतं. आणि पायांना रात्री असं वाटतं की मोजे घातलेत. मोजे नसतातच."

"भूक नॉर्मल," मी बाईंना सांगितलं. "पाय नॉर्मल."

बाईंनी पेन थांबवलं. "मॅडम बरंच बोलल्या. तुम्ही दोनच शब्द सांगितलेत."

"आमची भाषा लांब आहे," मी म्हणालो. हे वाक्य लेखात होतं. त्याला सगळ्यांत जास्त हशा मिळाला होता.

मला खरंच काय हवं होतं, ते मी इतक्या वर्षांत अनेकदा स्वतःला विचारलं आहे. बायको बरी व्हावी असं वाटत होतं का? वाटत होतं. पण त्या तासाभरात मला त्याहून जास्त काय हवं होतं, तर बाई पकडली जावी. माहिती द्यायची नाही आणि तरी ती सांगते का ते पाहायचं. ज्या माणसाला डॉक्टरकडे नेलं, त्याच्यातर्फे मी तिथे बसलोच नव्हतो. मी तपासणीला गेलो होतो.

बाईंनी छोट्या उशीवर बायकोचं मनगट ठेवलं. तीन बोटं. आधी हलकेच, मग थोडी दाबून, मग अजून दाबून. डोळे मिटलेले. मग दुसरं मनगट. बायको माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसली, लहान मुलीसारखी.

"बारीक आहे. दोऱ्यासारखी," बाई म्हणाल्या. "आम्ही म्हणू, रक्त कमी पडतंय. पण आमचं रक्त म्हणजे तुमच्या लॅबमधलं रक्त नाही, त्यामुळे तुम्ही त्यावरून घाबरू नका."

मला हे सराईत बोलणं वाटलं. म्हणायचं पण आणि न म्हणायचं पण. नाडीत सहा जागा आणि त्यांत सहा अवयव बोलतात, यावर माझा आजही विश्वास नाही. तेही इथे लिहून ठेवतो, म्हणजे म्हातारपणी मी भाबडा झालो असं कोणी म्हणू नये.

मग जीभ. त्यांनी टेबलाचा दिवा बंद केला, पडदा सारला, बायकोला खिडकीशी बसवलं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात रंग फसवतो, म्हणाल्या. सकाळपासून चहा, हळद, रंगाचं काही खाल्लं का, तेही विचारलं. बायकोनं जीभ काढली. मी लग्नानंतर इतक्या वर्षांत तिची जीभ अशी नीट कधी पाहिली नव्हती. ती लालभडक होती आणि गुळगुळीत, सोललेल्या टोमॅटोसारखी. भिंतीवरच्या चित्रात तशी एक होती, खालच्या ओळीत, कोपऱ्यात.

बाई वाकून बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही भारतीय लोक सकाळी जीभ घासता. माझ्याकडचे सगळे भारतीय पेशंट घासून येतात. तोंडाला चांगली सवय आहे, पण माझी पंचाईत होते. जिभेवरचा थर हे माझं अर्धं पुस्तक. तुम्ही ते पुसून आणता. तेव्हा नीट विचारून सांगा, मॅडमनी आज जीभ घासली आहे का?"

मी बायकोला विचारलं.

"छे हो," ती म्हणाली. "दोन महिने झाले, पट्टी लावली की आग होते नुसती. सोडूनच दिलंय मी. तुम्हाला सांगितलं होतं की."

सांगितलं होतं. बेसिनपाशी तिची तांब्याची पट्टी कोरडी पडून असायची, हेही मी पाहिलं होतं.

मी बाईंकडे वळून म्हणालो, "येस. एव्हरी डे."

हाच तो खोटा सिग्नल. मला बघायचं होतं की नाडी, जीभ, चालणं, एवढं सगळं पाहिलेली बाई मला 'नाही, तुम्ही चुकताय' म्हणते का. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग बायकोकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग मला काही म्हणता येत नाही. घासली नसती आणि जीभ अशी असती, तर मी आज सुईला हात लावला नसता. मॅडमना तसंच हॉस्पिटलमध्ये पाठवलं असतं, आधी रक्त तपासून या म्हणून. तुमच्या लॅबमधलं रक्त. आता असं करा, सात दिवस घासू नका आणि परत या. मी काही देत नाही आज."

त्या हे भरभर बोलल्या. मला प्रत्येक शब्द कळला. याच क्षणी तोंड उघडून 'एक मिनिट, माझी चूक झाली' म्हणायचं होतं. प्लांटमध्ये मी ते दहा सेकंदांत केलं असतं. पण तिथे बाई हरली होती. घासलेल्या आणि न घासलेल्या जिभेतला फरक तिला ओळखता आला नाही, ती माझ्या शब्दावर गेली. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मी उठून उभा राहिलो.

गाडीत बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"सात दिवसांनी या म्हणाली."

"आणि जिभेचं काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? धंदा आहे त्यांचा."

ती खिडकीबाहेर पाहू लागली.

आठव्या दिवशी क्लिनिकमधून माझ्या मोबाइलवर मेसेज आला. मॅडमनी जीभ घासणं थांबवलं आहे का, डॉक्टर विचारत आहेत, कृपया या. सून म्हणाली, "बघा बाबा, किती काळजी घेतात." मी म्हणालो, "गिऱ्हाईक सुटतंय ना हातातून." मेसेजला मी उत्तर दिलं नाही. सुनेला सांगितलं, खलास, तो विषय संपला.

गणपतीला लेख वाचला. जीभ घासली का, असं बाईंनी विचारल्याचं मी लेखात लिहिलंच नाही. त्यांनी आपणहून 'घासून आलात' असं ठरवलं, असं लिहिलं. टाळ्या पडल्या. बायको पुढच्या रांगेत होती. तिनंही टाळ्या वाजवल्या, इतरांपेक्षा थोड्या उशिरा. त्यानंतर सून त्या बाईंकडे गेली नाही. आपलं हसं होईल असं वाटलं असावं तिला. आणखी दोन-तीन कुटुंबांनीही जाणं सोडलं, हे मला पुढे कळलं, आणि कळलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

*

त्या गणपतीनंतर महिनाभरात एका सकाळी बायको बेसिनपाशी पडली. तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि उभ्या उभ्या कोसळली. चक्कर आली नव्हती. "डोळे मिटले आणि पाय कुठे गेले तेच कळेना," असं ती म्हणत होती.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तिला जीभ दाखवायला सांगितली. मग उभं करून डोळे मिटायला लावले आणि पडायच्या आत धरलं. मग रक्त घेतलं. बी-ट्वेल्व्ह इतकं कमी होतं की डॉक्टरांनी आकडा पुन्हा तपासून घेतला. शरीराला ते अन्नातून घेताच येत नव्हतं, नसांपर्यंत परिणाम पोचला होता.

"जीभ कधीपासून अशी आहे?" डॉक्टरांनी हिंदीत विचारलं.

"झालं की वर्ष," बायको म्हणाली.

"मग आधी कोणी पाहिली नाही?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. डॉक्टर पुढे लिहू लागले.

इंजेक्शनं सुरू झाली. जीभ महिन्याभरात शांत झाली, आमटीत तिखट परत आलं. दमणं थांबलं. पाय मात्र पुरते परत आले नाहीत. सात-आठ महिने आधी सुरुवात झाली असती तर? मी डॉक्टरांना एकदा एकटं गाठून विचारलं. आधी झालं असतं तर चांगलं झालं असतं, किती ते कोणी सांगू शकणार नाही, म्हणाले. मी ते 'कोणी सांगू शकणार नाही' घट्ट धरून ठेवलं. त्याच्या आड सहा वर्षं काढली.

मध्ये एकदा त्या व्हिलापाशीही जाऊन आलो. वरच्या मजल्यावर आता मुलांची ट्यूशन चालते. वॉचमनला विचारलं, चिनी डॉक्टर कुठे गेल्या. तो म्हणाला, "बहोत टाइम हो गया, साब." त्या माझ्यामुळे गेल्या असं मी म्हणत नाही. तेवढं माझं वजन नव्हतं. पण मी हातभार लावला नाही, असंही आता म्हणवत नाही.

*

चिटणीसांचा फोन आला त्याच दुपारी मी बायकोसमोर बसलो. ती मेथी निवडत होती.

"अगं, त्या चिनी बाईंकडे गेलो होतो, आठवतं?"

"आठवतं की."

"त्यांनी विचारलं होतं, जीभ घासली का. तू नाही म्हणालीस. आणि मी त्यांना..."

"एव्हरी डे म्हणालात."

तिनं मान वर केली नाही. एक काडी मोडून बाजूला टाकली.

"तुला कळलं होतं?"

"इतकी वर्षं काढली इथे. एव्हरी डे नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही काहीतरी तपासताय. तुमचं नेहमीचं. झालं की सांगाल." तिनं आणखी एक काडी बाजूला टाकली. "म्हणून तर गाडीत विचारलं, जिभेचं काय म्हणाल्या. तुम्ही धंदा म्हणालात. मग म्हटलं, तपासून झालं असेल. काही निघालं नसेल."

मी तिला उरलेलं सांगितलं. घासली नसती तर हॉस्पिटलला पाठवलं असतं, रक्त तपासायला सांगितलं असतं, असं त्या बोलल्या होत्या, हे.

"ते नव्हतं कळलं मला," ती म्हणाली. "फार भरभर बोलल्या त्या."

मग तिनं विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

तिनं निवडलेली मेथी भांड्यात भरली, टेबलाला हात धरून उठली, आणि पायांकडे बघत बघत स्वयंपाकघरात गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना म्हणाली, "मंडळाला द्यायचं ते लिहा. पण हसू येईल असं लिहू नका."

तेव्हा माझी चिटणीसांना विनंती आहे, जुना लेख छापू नये, त्या जागी हा छापावा. त्या बाईंनी विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर मी दिलं.

गेल्या आठवड्यात पायांच्या तपासणीसाठी आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. तिचा नंबर पुकारला तसा मी सवयीनं फाइल घेऊन उठलो. तिनं फाइल माझ्या हातातून घेतली.

"तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. "मी सांगते माझं."

मी दाराबाहेरच्या खुर्चीवर बसलो. आतून तिचा आवाज येत होता, थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, मध्येच डॉक्टरांचा. शब्द कळत नव्हते. ती बराच वेळ बोलली. कधी नव्हे इतकी. ती पायांचंच बोलते आहे की आणखी कशाचं, मला ओळखता येईना.

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही," ती म्हणाली.

मी खाली पाहिलं. चपला दोन्ही पायांत होत्या.